वाट सोपी करा, पिशवी हिरावू नका

परदेशी शिकायला गेलेल्या नातवंडांची छायाचित्रे घरी येऊ लागली की एक गोष्ट ध्यानात येते. त्यांत ग्रंथालय क्वचितच दिसते; बाजार, आगगाड्या, डोंगर आणि खाण्याच्या ताटल्याच अधिक दिसतात. घरची वडीलधारी माणसे ती कौतुकाने पाहतात आणि मग हळूच विचारतात, "आणि अभ्यास कधी करतेस?" प्रश्न रास्त आहे. तरीही परका देश समजतो तो बराचसा हातात पिशवी घेऊन रस्त्यावर उतरल्यावरच, असे माझे मत आहे.

मी दोन वर्षे टोकियोत शिकत होते. आठवड्याचे पाच दिवस विद्यापीठात जात, संध्याकाळ बाजारात आणि शनिवार-रविवार गाडीत. जपानमध्ये आज दर १०० माणसांमागे सुमारे २९ जण पासष्टी गाठलेले वा ओलांडलेले आहेत. त्यामुळे दुकानाच्या रांगेत, फलाटावर, डोंगराच्या वाटेवर, जिथे जाईन तिथे वृद्ध माणसे माझ्या पुढेमागे असत. हळूहळू मी बाजारापेक्षा त्यांच्याकडेच अधिक पाहू लागले. वार्धक्यात माणूस हिंडता-फिरता राहावा यासाठी पायांत बळ हवे हे खरेच. पण वाट सोपी असावी लागते, आणि त्या वाटेच्या टोकाला त्याचे स्वतःचे काही काम असावे लागते. या दोन गोष्टी मला त्या भटकंतीत जागोजागी दिसल्या. घरात ज्येष्ठ माणूस असलेल्या प्रत्येक कुटुंबाला त्या उपयोगी पडतील असे वाटते, म्हणून हा लेख.

रोजची पिशवी

माझी खोली लहान आणि तिथला फ्रिज त्याहून लहान. आठवड्याचा बाजार एकदम भरून ठेवण्याची सोयच नव्हती. दर दोन दिवसांनी सुपरमार्केटात जावे लागे. संध्याकाळ उलटली की तिथल्या तयार पदार्थांवर अर्ध्या किमतीच्या चिठ्ठ्या चिकटवल्या जात. चिठ्ठ्यांची गुंडाळी घेतलेला कर्मचारी दिसला की आम्ही विद्यार्थी आणि शेजारपाजारच्या आजीबाई सारख्याच साळसूदपणे त्याच्या मागे घुटमळत असू. तूरडाळ, हिंग आणि कणीक यांसाठी मात्र शिन-ओकुबो भागात जावे लागे. तिथे भारतीय, नेपाळी आणि बांगलादेशी दुकाने एकमेकांना खेटून आहेत. शाकाहारी माणसाची तिथे कसोटीच असते. सूप भाजीचे दिसले तरी त्यात बहुधा वाळवलेल्या माशाचा अर्क असतो. म्हणून वेष्टनावरची अक्षरे वाचायला मी व्याकरणाच्या पुस्तकाआधी शिकले.

या खरेदीत काही बारीक गोष्टी हाताला लागल्या, आणि त्या अक्षरशः हातालाच लागल्या. शाम्पूच्या बाटलीच्या कडेला उंचवट्यांच्या बारीक रेघा असतात; शेजारच्या कंडिशनरच्या बाटलीला त्या नसतात. केस धुताना डोळे मिटलेले असतात आणि दृष्टी अधू असलेल्यांना तर दोन्ही बाटल्या सारख्याच. बोटाने कळावे म्हणून काओ या कंपनीने १९९१ साली ही खूण आणली आणि पुढे इतर उत्पादकांनीही ती स्वीकारली. दुधाच्या कागदी खोक्याच्या माथ्यावर अर्धवर्तुळाकार खाच असते. ती चाचपून हे निव्वळ दूध आहे, फळांचा रस नव्हे, हे ओळखता येते. शंभर येनच्या दुकानांत भिंगे, वाचनाचे चष्मे, औषधांच्या वारवार खणांच्या डब्या आणि न घसरणाऱ्या चटया सुया-दोऱ्यांच्या शेजारी मांडलेल्या असतात. वृद्धांसाठीच्या वस्तू तिथे रोजच्या बाजाराचाच भाग आहेत.

बाजाराला जाणे हा व्यायाम आहे असे कोणी म्हणत नाही, पण तो आहेच. त्यात चालणे येते, वाकणे येते, थोडे वजन उचलणे येते. काय संपले आहे ते आठवावे लागते, हिशेब करावा लागतो, दुकानदाराशी दोन शब्द बोलावे लागतात. "रोज अर्धा तास चालत जा," हा सल्ला ऐकून न उठणारे माणूस "कोथिंबीर संपली आहे" म्हटल्यावर चपला घालते.

सुगामो : आजींची बाजारपेठ

टोकियोला वळसा घालणाऱ्या यामानोते रेल्वेमार्गावर सुगामो नावाचे स्थानक आहे. तिथून जवळच जिझो-दोरी हा सुमारे ८०० मीटर लांबीचा बाजाररस्ता सुरू होतो. तरुणाईच्या फॅशनसाठी हाराजुकू हा भाग प्रसिद्ध आहे. त्यावरून सुगामोला लोक गमतीने 'आजींचे हाराजुकू' म्हणतात. एदो म्हणजे जुने टोकियो आणि क्योतो यांना जोडणाऱ्या नाकासेन्दो या प्राचीन मार्गाचाच हा एक तुकडा आहे.

एका शनिवारी मैत्रिणीबरोबर मी तिथे गेले ती दुपारभर रमले. सपाट रस्ता, दोन्ही बाजूंना चहा, तांदळाच्या कुरकुरीत चकत्या, उबदार मोजे आणि हलक्या चपला यांची दुकाने. किमती मोठ्या ठसठशीत आकड्यांत लिहिलेल्या, चष्मा न शोधता वाचता येतील अशा. एका दुकानात नुसते लाल रंगाचे अंतर्वस्त्र. लाल रंगाने अंगात ऊब आणि जोम राहतो अशी तिथली समजूत आहे. गोड लाल घेवड्याचे सारण भरलेला, किंचित खारट असा तांदळाच्या पिठाचा लाडू ही तिथली खासियत.

रस्त्यालगत कोगान्जी मंदिर आहे. तिथल्या देवाला 'काटा काढणारा जिझो' म्हणतात. सुई गिळलेल्या एका दासीला त्याच्या कृपेने ती ओकून टाकता आली, अशी कथा आहे. आवारात कान्नोन म्हणजे करुणेच्या देवतेची एक मूर्ती आहे. आपला जो अवयव दुखत असेल, तोच मूर्तीचा भाग ओल्या कापडाने पुसायचा असा रिवाज. पूर्वी लोक ब्रशने घासत; त्याने मूर्ती झिजली, म्हणून आता नव्या मूर्तीला मऊ कापडच लावतात. गुडघे पुसणाऱ्यांची रांग सर्वांत लांब होती. महिन्याच्या ४, १४ आणि २४ तारखांना इथे जत्रा भरते आणि गर्दी दाटते.

या गर्दीत अनेक आजी चार चाकांची एक हलकी ढकलगाडी घेऊन चालतात. तिला 'सिल्व्हर कार' म्हणतात. चालताना तिचा आधार मिळतो, पोटात सामान मावते आणि दमले की तिच्या झाकणावरच बसता येते. जपानी भाषेत वृद्धांसाठी 'सिल्व्हर' हा शब्द रूढ झाला त्याची हकिगतही रेल्वेतली आहे. १९७३ साली टोकियोच्या चुओ मार्गावर वृद्ध आणि अपंग प्रवाशांसाठी राखीव आसने सुरू झाली, त्यांवर चंदेरी-करड्या रंगाचे कापड होते. आसनांचे नाव 'सिल्व्हर सीट' पडले आणि पुढे तो रंग एका पिढीचे नाव झाला.

सुगामोत कोणी कोणाला "जरा लवकर" म्हणत नाही. नाणी मोजायला वेळ लागला तर मागचा माणूस शांत उभा राहतो. आपल्या मंडईत एखाद्या आजोबांना सुटे पैसे काढायला वेळ लागला की मागून चुकचुकणे ऐकू येते. पाय दुखण्याइतकेच हे चुकचुकणेही माणसाला घरी बसवते.

मऊ अन्नाची फळी

परीक्षेच्या काळात ताप आला म्हणून औषधांच्या दुकानात गेले, तेव्हा एका फळीवर अन्नाची पाकिटे दिसली. त्यांवर चार दर्जांपैकी एक छापलेला होता : सहज चावता येणारे, हिरड्यांनी चिरडता येणारे, जिभेने चिरडता येणारे आणि न चावता गिळता येणारे. दात गेलेल्या किंवा गिळायला त्रास होणाऱ्या माणसांसाठी जपानी खाद्य उत्पादकांनी मिळून ही वर्गवारी ठरवली आहे. पाकिटावरचा दर्जा पाहून सून, मुलगा किंवा स्वतः आजोबाही योग्य अन्न निवडू शकतात.

काळजी घेणाऱ्यांनी यातून घ्यावी अशी गोष्ट म्हणजे पायऱ्यांचा विचार. दात गेले की आपण पोळी, भाजी, भात सगळे एकत्र फिरवून वाटीत देतो. त्याची अनेकदा गरज नसते. मऊ शिजलेली दुधी भोपळ्याची फोड हिरड्यांनी चिरडता येते. पोळी दुधात किंवा वरणात भिजवून खाता येते. पदार्थ वेगवेगळे दिसले, त्यांची चव वेगवेगळी लागली, तर दोन घास अधिक जातात. मात्र जेवताना वारंवार ठसका लागत असेल, पाणी पिताना खोकला येत असेल किंवा जेवणानंतर आवाज घोगरा होत असेल, तर घरगुती उपायांत न रमता डॉक्टरांना दाखवावे. जपानमध्ये नववर्षाच्या सुमारास मोची हा चिकट तांदळाचा पदार्थ घशात अडकून वृद्ध दगावतात, म्हणून टोकियोचे अग्निशमन दल दरवर्षी तो लहान तुकडे करून, सावकाश खाण्याची सूचना देते. सणावारी पुरणपोळी किंवा चिकट लाडू देताना आपणही ती ध्यानात ठेवावी.

शनिवारची गाडी

विद्यार्थ्यांच्या खिशाला परवडणारे एक तिकीट जपानी रेल्वेत मिळते. त्याचे नाव 'सेइशुन १८', म्हणजे 'तारुण्य १८'. सुट्यांच्या ठराविक हंगामात ते विकतात आणि त्यावर देशभरच्या साध्या, थांबत जाणाऱ्या जेआर गाड्यांतून हिंडता येते. नावात अठरा असले तरी वयाची अट नाही. डब्यात पाहावे तर निम्मे प्रवासी पाठीवर पिशवी लावलेले सत्तरीचे आजोबा! वेळ भरपूर आणि पैसे बेताचे, ही विद्यार्थ्याची आणि निवृत्ताची स्थिती सारखीच.

स्थानकांवर पायाखाली पिवळ्या, उठावदार फरशा असतात. लांब रेघांची फरशी म्हणजे पुढे चला, ठिपक्यांची फरशी म्हणजे थांबा. सेइइची मियाके यांनी त्या शोधल्या आणि १९६७ साली ओकायामा शहरात प्रथम बसवल्या. आज आपल्या मेट्रो स्थानकांवरही त्या दिसतात. त्यांचा अर्थ घरच्या ज्येष्ठांना सांगून ठेवावा आणि त्यांवर सामान ठेवू नये.

टोकियोच्या शिंजुकू स्थानकापासून तासाभरात ताकाओ डोंगराचा पायथा येतो. उंची अवघी ५९९ मीटर. रस्ता असा आखला आहे की प्रत्येकाने आपल्या गुडघ्यांना पुसून ठरवावे. तरुणांनी ओढ्याकाठच्या पायवाटेने चढावे. ज्यांना ते झेपत नाही त्यांनी तारेने ओढल्या जाणाऱ्या रेल्वेने अर्ध्याहून अधिक उंची गाठावी. तिचा चढ एका ठिकाणी ३१ अंशांहून अधिक आहे. वर उतरल्यावर फरसबंद वाट याकुओ-इन या इसवी सन ७४४ मध्ये स्थापन झालेल्या मंदिराकडे जाते. मी धापा टाकत पोहोचले तेव्हा तिथे काठ्या टेकवून बसलेल्या आजींचा एक गट डबे सोडत होता. त्या रेल्वेने आल्या होत्या. शिखरावर मात्र आम्ही सगळ्या सारख्याच पोहोचलो.

नागानोचे मीठ

हिवाळ्याच्या एका जोडसुटीत बसने चार तासांचा प्रवास करून मी नागानोला गेले. तिथले झेन्कोजी हे मंदिर सातव्या शतकात स्थापन झाले असे मानतात. त्याच्या सभामंडपात बिन्झुरू नावाची लाकडी मूर्ती आहे. आपला दुखरा भाग आणि मूर्तीचा तोच भाग आळीपाळीने चोळला की दुखणे उतरते, अशी श्रद्धा. शतकानुशतकांच्या स्पर्शाने तिचा चेहरा गुळगुळीत झाला आहे. हा बिन्झुरू म्हणजे आपल्याकडचा बुद्धशिष्य पिंडोल भारद्वाज! इतक्या दूर, बर्फात, गुडघ्याला हात लावताना आपल्याच मुलखातला माणूस भेटावा, याचे मला फार अप्रूप वाटले.

नागानोची खरी आरोग्यकथा मात्र स्वयंपाकघरातली आहे. कडक थंडीमुळे तिथे लोणची आणि मिसो यांवर हिवाळा निघे. मीठ अतोनात पोटात जाई. १९६० च्या दशकात पक्षाघाताने होणाऱ्या मृत्यूंत हा प्रांत देशात फार वर होता. मग गावोगावच्या स्वयंसेवक स्त्रिया घरोघरी जाऊन मिसो सूपातले मीठ मोजू लागल्या. लोणच्याला सोया सॉस वरून ओतू नका, वाडगाभर सूपात भाज्या वाढवा, असे त्या सांगत. तिथल्याच साकू रुग्णालयाचे डॉ. तोशिकाझू वाकात्सुकी गावांत नाटके करून आरोग्य शिकवीत. त्यांना १९७६ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तीनच वर्षांनी आपल्या जामखेडच्या डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांना तो मिळाला, तोही गावातल्या स्त्रियांच्या हाती आरोग्य सोपवल्याबद्दलच. पुढे नागानो हा जपानच्या दीर्घायुषी प्रांतांत गणला जाऊ लागला.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढ माणसाने दिवसाला ५ ग्रॅमहून कमी, म्हणजे चहाच्या सपाट चमच्याहून कमी मीठ खावे. आपल्या ताटातले लोणचे, पापड, खारवलेली मिरची आणि ताकातले मीठ एकत्र मोजले तर हा चमचा केव्हाच भरतो. रक्तदाबाचा त्रास असलेल्या घरात पापड आणि लोणचे एकाच जेवणात न वाढणे, ही सुरुवात कोणालाही करता येईल.

ऊन पाण्याची मौज आणि मर्यादा

जपानी प्रवासाचा शेवट ऊन पाण्याच्या झऱ्यात होतो. वज्रेश्वरी-गणेशपुरी किंवा राजापूरची कुंडे पाहिलेल्यांना त्याचे नवल वाटणार नाही. आधी अंग स्वच्छ धुवायचे, मग पायांपासून वर थोडे थोडे पाणी ओतून शरीराला सवय करायची आणि मगच कुंडात उतरायचे. हा नुसता शिष्टाचार नाही. थंड खोलीतून एकदम कढत पाण्यात गेल्याने रक्तदाब झपाट्याने वरखाली होतो आणि हिवाळ्यात कित्येक जपानी वृद्ध घरच्या न्हाणीघरातच दगावतात. म्हणून तिथले शासन सांगते : पाणी ४१ अंश सेल्सिअसपर्यंतच असावे, पाण्यात दहा मिनिटांहून अधिक बसू नये, कपडे बदलण्याची जागा आधी उबदार करावी, जेवल्याबरोबर वा मद्य घेऊन न्हाऊ नये आणि न्हायला जाताना घरात सांगून जावे. पौष-माघातल्या आपल्या पहाटस्नानालाही हे लागू आहे. न्हाणीघराची कडी न लावण्याची सवय त्यात मिळवावी.

आणि आपल्या घरी?

जपानमध्ये सगळेच सुखाचे आहे असे नाही. खेडी ओस पडली, दुकाने बंद झाली आणि गाडी चालवता न येणाऱ्या वृद्धांना भाजी मिळणे अवघड झाले. अशा लोकांना तिथे 'खरेदीचे निर्वासित' असा बोचरा शब्द आहे. त्यावर काढलेला एक उपाय मला आवडला. तोकुशिमा प्रांतात २०१२ साली सुरू झालेली 'तोकुशिमारू' ही फिरती दुकाने छोट्या मालमोटारीतून दारापाशी येतात. घरपोच डबा देणे कदाचित सोपे झाले असते. इथे मात्र आजी दाराबाहेर येते, टोमॅटो स्वतः दाबून पाहते आणि शेजारणीशी बोलते.

हे वाचताना मला साताऱ्याची माझी आजी आठवे. न्हाणीघरात घसरून तिचे मनगट मोडले. हाड जुळले, पण घरच्यांनी धास्तीने तिचे मंडईत जाणे थांबवले आणि भाजी दारात येऊ लागली. दर रविवारी दूरध्वनीवर ती मला टोकियोतल्या मुळ्याचा भाव विचारी, रुपयांत हिशेब करी आणि म्हणे, "अगं, इथला भाव आता मला कुठे ठाऊक?" तिच्या आवाजात तक्रार नव्हती, त्यामुळे ते अधिकच लागे. मी परतल्यावर आईने डॉक्टरांना विचारले, फिजिओथेरपिस्टने तोल सांभाळण्याचे व्यायाम दिले आणि ठरले की आठवड्यातून दोन सकाळी आजी कोपऱ्यावरच्या भाजीवालीपर्यंत जाईल. आई सोबत असते, पिशवी चाकांची आहे, मध्ये औषधांच्या दुकानदाराने एक खुर्ची ठेवू दिली आहे. मंडई अजून लांब आहे. पण भाव आता आजी सांगते आणि आई ऐकते.

घरच्या घरी करता येण्याजोगे

• बाजाराची यादी ज्येष्ठांनीच करावी. घरपोच सामान मागवायचे असले तरी निवड त्यांची असावी.

• बाहेर जाण्याचा पल्ला आधी ठरवावा. वाटेत बसण्याच्या दोन जागा आणि एक स्वच्छतागृह हेरून ठेवावे.

• गर्दी टाळून सकाळची वेळ निवडावी. चप्पल मागे पट्टा असलेली, न घसरणारी असावी.

• वजन हातात न घेता चाकांच्या पिशवीत घ्यावे. काठी लागत असेल तर तिची उंची जाणकाराकडून ठरवून घ्यावी.

• तेल, शाम्पू आणि फिनेलच्या बाटल्या बोटाने ओळखता येतील अशी खूण करावी. एका बाटलीला रबरबँड लावला तरी पुरे.

• चक्कर, छातीत दुखणे, धाप किंवा अलीकडे पडल्याचा इतिहास असेल तर आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

• नातवंडे परदेशी असतील तर त्यांना "जेवलीस का?" याच्या जोडीला "आज बाजारात काय पाहिलेस, कसे गेलीस?" हेही विचारावे. उत्तर लांबते, आणि दोन्हीकडची संध्याकाळ बरी जाते.

काळजी घेणाऱ्याचा हात भक्कम हवा, यात शंका नाही. तो पिशवी हिसकावून घेण्याऐवजी कोपरापाशी आधार देत राहिला, तर आपल्या घरातले कितीतरी आजी-आजोबा पुन्हा उंबरठ्याबाहेर पडतील.